ड्रायव्हरची गादी, मालकाची गादी

ड्रायव्हरची गादी वेगळी आणि मालकाची गादी वेगळी. वरून दोन्हींना एकच रेक्झिन असतं, म्हणून लोकांना त्या सारख्या वाटतात. मालकाला गादीवर झोप लागली पाहिजे. ड्रायव्हरला लागता कामा नये. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला.

मला सांगितलं होतं की दिवाळी अंकासाठी बायकांच्या कष्टांवर काहीतरी लिहा. कष्ट सगळ्याच बायका करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी नगरात मोटारीच्या बैठका शिवत होते, ते सांगते. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिता येतं, सजवता येत नाही.

धंदा मुळात सासऱ्यांचा. ते टांग्याच्या गाद्या करत. तळाला गोणपाट, त्यावर काथ्या, काथ्यावर पिंजलेला कापूस, सगळ्यात वर चामडं. हे सगळं बाकदार सुईनं एकमेकांना असं बांधायचं की माणूस उठला की गादी परत जागेवर आली पाहिजे. काथ्या कमी पडला तर वर्षभरात खड्डा पडतो, जास्त झाला तर गादी दगड होते. माझ्या उजव्या हाताचं एक बोट अजून सरळ होत नाही, ते त्या सुईमुळे.

लग्न होऊन आले तेव्हा मी सासऱ्यांना विचारलं होतं, "मामा, टांगेवाल्याला गादी का नाही? तो बिचारा नुसत्या फळीवर बसतो."

"त्याला दिली तर फेकून देईल," सासरे म्हणाले. "घोडं लंगडायला लागलं की आधी त्याच्या बुडाला कळतं, मग डोळ्याला."

बुड हा शब्द संपादकांनी कापू नये. आमच्या धंद्यात त्याच्याशिवाय बोलता येत नाही.

सासरे गेले. टांगे कमी झाले, मोटारी वाढल्या. माझा नवरा दावीद मोटारींचं रिपेअरीचं काम करायचा आणि त्याच पत्र्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात मी बैठका शिवायची. नवऱ्याबद्दल एकेरी लिहिते आहे. जन्मभर 'अहो' म्हटलं, तेवढं पुरे. शेड भाड्याचं होतं, त्यात दुपारी पाव भाजावा इतकं तापायचं, आणि माझ्या कोपऱ्यात उजेड उजव्या बाजूनं यायचा, म्हणजे माझ्याच हाताची सावली माझ्या टाक्यावर.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एसटीचा एक ड्रायव्हर स्वतःची गादी काखेत मारून ड्यूटीवर जायचा. चपातीसारखी पातळ. तरी पावसाळा संपला की यायचा, "बाई, फुगली ही. काढा थोडं."

"काढून काढून एक दिवस फळीवर बसाल," मी म्हणायची.

"बसंन की. माझ्या गाडीचा मागला टायर बसाय लागला की मला आधी कळतं. कंडक्टरला इचारा, त्याला कायबी कळत न्हाई. त्यो तिकिटं फाडतो."

दुसरा राहुरीकडचा एक बागाईतदार. त्यानं कुठून तरी जुनी विलायती मोटार आणली होती आणि स्वतःच चालवायचा. म्हणाला, "बाई, इतकी मऊ करा की गाडी चालू हाय का बंद हाय, ते कळू नये." मी केली तशी. आठवडाभरात परत आला. बॉनेट चेपलेलं. गादीत तो एवढा खाली गेला होता की समोर त्याला बॉनेट आणि वरचं आभाळ एवढंच दिसायचं. रस्त्यात म्हैस आडवी होती, ती त्याला तिनं हंबरडा फोडल्यावर कळली.

"तुम्हीच म्हणाला होतात, कळू नये," मी म्हटलं.

"तोंड लई चालतं बाई तुमचं."

"हातही चालतो. काढू का कापूस?"

काढू दिला नाही. पुढे त्यानं चालवायला माणूस ठेवला आणि स्वतः मागे जाऊन बसला. तीच त्याची जागा होती.

मग बहात्तर साल आलं. पाऊस नाही. टांगेवाल्यांनी चाऱ्यावाचून घोडी काढून टाकली. मोटारवाल्यांना फाटक्या गादीवर बसायला अचानक जमायला लागलं. दावीदकडे एखादं इंजिन यायचं, तेही मळ्यातल्या पंपाचं. मी धान्याची पोती शिवायला घेतली. बैठका शिवणाऱ्या बाईनं पोती शिवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला सांगायला नको, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही.

अशा दिवसांत धाकटे मालक आले.

ते बेलापूरकडचे. त्या भागाला कॅनॉलचं पाणी, त्यामुळे दुष्काळ त्यांच्याकडे पेपरातून यायचा. मोठ्या घरातला धाकटा मुलगा, पंचविशीचा, म्हणून सगळे धाकटे मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

टेम्पोतून त्यांनी एक वस्तू उतरवली. लोखंडी पाइपांचा सांगाडा, छोटी छोटी चार चाकं, मागे मोटरसायकलचं इंजिन. छत नाही, दारं नाहीत, खाली पाटे नाहीत की स्प्रिंगा नाहीत. बसलं की हात जमिनीला लागावा. इंग्रजीत तिला कार्ट म्हणतात. आमच्या गल्लीनं बघितलं आणि पाटगाडी नाव ठेवलं, कारण जेवायच्या पाटाला चाकं लावल्यासारखी ती दिसायची. मुंबईला असल्या गाड्यांच्या शर्यती त्यांनी पाहिल्या होत्या आणि तिकडून ही करवून आणली होती.

"दावीद, हिच्या जोडीला एक पाहिजे," ते म्हणाले. "एकट्यानं काय पळवायची?"

दावीद गुडघ्यावर बसून चाकं बघत होता. "मालक, एवढं इंजिन माझ्याकडे नाही. स्कूटरचं एक पडलंय."

"चालेल की. दोन्ही पळवू. जी जिंकेल तसल्या आणखी करायच्या, माझे मित्र मागे लागलेत. तुझी जिंकली तर राहुरीच्या रस्त्याला आपली जागा आहे, तिथं तुला शेड घालून देतो. तू गाड्या कर, वहिनी गाद्या करतील."

मी हातातलं पोतं खाली ठेवलं. ते गेल्यावर दावीद पाइप शोधायला लागला आणि मी मनात त्या शेडला खिडकी पाडली. डाव्या हाताला.

दावीदनं नळाच्या जुन्या पाइपांची गाडी केली. इंजिन निम्म्या ताकदीचं, पण सांगाडा हलका, आणि पुढच्या चाकांचा कोन त्यानं इतक्या वेळा बदलला की मला वाटलं, ही गाडी शर्यत होऊन गेल्यावर तयार होणार. बसायला वाकवलेला पत्रा होता. त्यावर मी गादी केली. तेव्हा फोम नवा आला होता, पिवळा, पावासारखा. हौसेनं दोन बोटं जाड फोम घातला.

लष्करी छावणीच्या कडेच्या मोकळ्या मैदानात तो एक फेरी मारून आला आणि उतरला.

"गाडी मुकी झाली," तो म्हणाला.

"मुकी म्हणजे?"

"काल नुसत्या पत्र्यावर बसलो होतो तर मागचं चाक सरकायच्या आधी सांगत होतं. आता सरकून झाल्यावर कळतंय."

मी फोम काढला, कापूस घातला. तो फेरी मारून आला. "कुजबुजते." कापूस काढला, काथ्याचा पातळ थर ठेवला. "बोलते, पण तोंडावर हात ठेवून." शेवटी पत्र्यावर गोणपाटाची दुहेरी घडी आणि वर चामडं, बस. त्या गादीला गादी म्हणायची मला लाज वाटत होती. तो मात्र या वेळी परत यायलाच तयार नव्हता. मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढत होता, मागची बाजू मुद्दाम सरकवत होता आणि परत ओढून घेत होता. आला तेव्हा कोपरापर्यंत धूळ आणि दात दिसत होते. माझ्या नवऱ्याचे दात मी फार वेळा पाहिलेले नाहीत.

"आता?"

"आता गप्पच बसत नाही," तो म्हणाला.

धाकट्या मालकांच्या गाडीलाही बैठक मीच केली. त्यांना लाल रेक्झिन हवं होतं, खाली चांगला जाड फोम आणि पाठ मानेच्या वर. मी सांगून पाहिलं, "मालक, एवढ्या फोमवर गाडी कळायची नाही."

"वहिनी, मला गाडी पळवायचीय. कीर्तन ऐकायचं नाही तिचं."

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. केलं. देखणी झाली होती. त्यात ते बसले की मागून डोक्याचा केससुद्धा दिसत नसे.

शर्यतीला जागा शोधली मिरजगावच्या अलीकडे. एक जुना तलाव होता, त्या वर्षी तळापर्यंत आटलेला. बांधाच्या पायथ्याशी सपाट लांबलचक जमीन, टोकाला मोठं वळण घेऊन परत यायला जागा. काळी माती, भेगा अशा की लहान मूल पाय घालून बसेल. बांधाच्या पलीकडे दुष्काळी काम चालू होतं. बायका-माणसं खडी फोडत होती. शेजारी गुरांची छावणी.

धाकट्या मालकांनी कामावरच्या एका मुकादमाला गाठून जमीन करून द्यायला सांगितलं. त्यांचे शब्द असे, "खळ्यासारखी करा. टणक. धूळ उडता कामा नये." टँकर पाठवतो म्हणाले आणि बेलापूरला गेले.

खळं म्हणजे काय हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. कणसं तुडवायला शेतात गोल जमीन करतात. पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, शेणानं सारवायचं. वाळली की गुळगुळीत होते, दाणा मातीत जात नाही. त्या साली खळं करायला कुणाकडे कणीस नव्हतं.

दावीद आणि मी आदल्या दिवशी सकाळीच गाडी टेम्पोत घालून तिथं गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. टँकर आला. पाणी बघितल्यावर खडी फोडणाऱ्या बायका हातातली हातोडी टाकून बांधावरून खाली आल्या, घागरी घेऊन. पुढे ठकूबाई नावाची एक काळी, उंच बाई. मुकादम आडवा झाला.

"ए, ए! त्ये शर्यतीचं पानी हाय!"

"शर्यत काय तहानंनं मरती व्हय?" ठकूबाई म्हणाली आणि नळीला घागर लावली. "आदी आमी. मंग तुमचं खळं."

सगळ्यांनी घागरी भरल्या, कळशा भरल्या, एकीनं तर खडीची पाटी धुऊन तिच्यात घेतलं. मुकादम ओरडून दमला. मग राहिलेल्या पाण्यावर काम सुरू झालं. आणि त्यांनी सुरुवात केली ती वळणापासून.

मी मुकादमाला म्हटलं, "अहो, मालकांना सरळ पट्टा आधी हवा असेल. गाड्या तिथं पळणार."

तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघायला लागला. "बाई, खळं म्हनले त्ये. लांबडं खळं कुनी बघितलंया का?"

त्याच्या दृष्टीनं गोल भाग हेच काम होतं, बाकीचं म्हणजे खळ्याला यायची वाट. बायकांचंही तेच. वर्षभर हाताला खडीशिवाय काही लागलं नव्हतं, त्यामुळे त्या अशा काही मन लावून सारवत होत्या की जणू उद्या बाजरी येणार आहे. छावणीतलं शेण आणून कडेच्या खड्ड्यात कालवलं. ठकूबाई तर दुसरीनं सारवलेलं पुसून पुन्हा स्वतः सारवत होती. "असं सारवत्यात व्हय? सासूनं कधी खळ्यावर न्हेलं न्हाई वाटतं!" संध्याकाळी वळण अंगणासारखं झालं आणि पाणी संपलं. सरळ पट्ट्याच्या भेगा होत्या तशाच.

सकाळी धाकटे मालक पाहुण्यांना घेऊन आले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंत? पट्टा तसाच ठेवला!"

"पानी पुरलं न्हाई, मालक," मुकादम म्हणाला. "पर खळं बघा. त्येल सांडलं तर निपटून घ्या."

पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. खुर्च्या सरळ पट्ट्याच्या कडेला, मांडवाखाली. आता मागे फिरता येत नव्हतं. मी मांडवात गेले नाही. वळणाच्या कडेला खडीवाल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले.

गाड्या सुटल्या. भेगाळ पट्ट्यावर मोठ्या गाडीला सगळं बळ लावता येत नव्हतं, ती उडत होती, तरी धाकटे मालक पुढेच. मांडवात टाळ्या. मग वळण. सारवलेली जमीन चांगली टणक होती, पण गुळगुळीत. तिथं गाडीची मागची बाजू बाहेर पळते. धाकटे मालक वळणाच्या अलीकडेच जवळजवळ थांबले आणि म्हातारीसारखे हळूहळू वळले. मागून दावीद आला. तो थांबला नाही. मागचं चाक सुटायला लागलं तसा तो बैठकीतून अर्धा उठला, अंग आत टाकलं, गाडी आडवी सरकू दिली आणि नेमक्या जागी सोडवून घेतली. मी त्याच्या हाताकडे बघत नव्हते. तो पत्र्यावर कुठं बसतोय, कधी उठतोय, ते बघत होते. प्रत्येक वेळी चाकाच्या आधी तो हलत होता. माझ्या गादीनं त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं.

बायकांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण त्यांना हे कळलं.

"अगं बया, ह्यो बसतच न्हाई! उटतुया!"

"कुळवावर उबा ऱ्हायल्यागत करतुया बग. दगूड लागायच्या आदी भार उचलतो."

"आन त्यो लाल गादीवाला?"

"त्यो पाव्हना हाय," ठकूबाई म्हणाली. "बसलाय निवांत. च्या आना त्येला."

मी इतकी हसले की शेजारणीनं मला धरलं. माझी ओळख मी दिली नव्हती, पण तिथं ठकूबाईनं विचारलंच, "तुमचं मानूस व्हय?" मी हो म्हटलं. "मंग बसा पुढं. मागं काय बसलाय?"

प्रत्येक फेरीला तेच. पट्ट्यावर मोठी गाडी पुढे जायची, वळणावर दावीद तिला गाठायचा. शेवटी धाकट्या मालकांना ते सहन झालं नाही. दावीदसारखं न थांबता ते वळणात शिरले. मागचं चाक सुटलं, ते त्यांना फोमवर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते गाडीसकट शेण कालवलेल्या खड्ड्यात होते. बायका उठून हसल्या. दावीद एकटा मांडवासमोर पोहोचला.

मांडवात टाळ्या झाल्या नाहीत. त्यांना वळण दिसतच नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की वेगवान गाडी पुढे होती, मग ती आली नाही आणि दुसरी आली.

धाकट्या मालकांचं मनगट मुरगळलं होतं. शेण पुसत म्हणाले, "ही काय शर्यत झाली? ह्या बायांनी सगळं उलटं करून ठेवलं." एक पाहुणा म्हणाला, पट्टा नीट केलेला असता तर तुम्हीच होता. ते सगळ्यांना पटलं.

शेडचं विचारायला आम्ही दोघं बेलापूरला गेलो. ओसरीवर बसवलं, चहा दिला.

"दावीद, तुझी गाडी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही," धाकटे मालक म्हणाले. "पण बघणाऱ्याला तिच्यात काय दिसतं? एक माणूस कसरत करतोय. लोक वेग बघायला येतात. माझ्या मित्रांना तसली नकोय."

"पण जिंकली तर शेड म्हणाला होतात," मी बोलले.

"वहिनी, शेड पळून चाललं नाही. बघू पुढच्या हंगामात." मग दावीदला म्हणाले, "वडिलांनी मला गाडीत बसायला बंदी केलीय. पुण्याचा मित्र त्याची गाडी आणतोय. या वेळी वळण नाही, रोलर फिरवून नुसता सरळ पट्टा. माझी गाडी तू चालव. आणि नंतर ड्रायव्हर म्हणून आमच्याकडेच ये कायमचा."

परत येताना मी म्हटलं, "नाही म्हणा."

"आणि खायचं काय? तुझी पोती?"

"पोती मी शिवते, मला काही वाटत नाही. त्या गाडीत तुमचं काम काय आहे? कुणीही पेडल दाबेल."

"कुणीही दाबेल, तर मीच दाबतो," दावीद म्हणाला. 

खरं सांगायचं तर त्याचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. घरात खाणारी तोंडं होती. मला राग त्याचा नव्हता. राग आला तो नंतर.

दुसऱ्या शर्यतीला खडीच्या रस्त्यावरचा रोलर आणला. काम बंद ठेवून बायकांना मांडवाच्या समोरच्या बाजूला बसवलं, गर्दी दिसावी म्हणून. गाड्या एका टोकाला सुटल्या आणि दुसऱ्या टोकाला पोहोचल्या. घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत शर्यत संपली. दावीद जिंकला, कारण इंजिन मोठं होतं. त्याला हार घातला, फोटो काढला. रात्री जेवताना तो म्हणाला, "काय केलं मी? दाबलं आणि बसलो." हार त्यानं खुंटीला अडकवला. मी तो काढला नाही, त्यानंही नाही. वाळून आपोआप पडला.

मग त्याची नोकरी सुरू झाली. मोठी मोटार, मऊ गादी. ती मीच भरली होती. पाटगाडीचा नाद धाकट्या मालकांना वर्षभर पुरला, मग त्यांना दुसरं काही सुचलं. पुढचा हंगाम आला आणि गेला, शेडचं नाव कुणी काढलं नाही. दावीदच्या गाडीचं इंजिन त्यांच्या मळ्यात फवारणीच्या पंपाला बसवलं. नळाच्या पाइपांचा सांगाडा शेळ्यांच्या गोठ्याला फाटक म्हणून लागला. मी माझ्या कोपऱ्यात, उजवीकडून येणाऱ्या उजेडात, शिवत राहिले.

आणि दावीद सांगायला लागला. आधी पाहुण्यांना, मग गावाला, मग नातवंडांना. मी असा पळालो, तसा पळालो, झाडं दिसत नव्हती, कानात वारा मावत नव्हता. तळ्यात झाडं नव्हतीच. ऐकणाऱ्याला सांगण्यासारखं तेवढंच असतं, किती जोरात. वळणावरचं तो कधी सांगत नसे. सुरुवातीला मला वाटलं, दुखतं म्हणून टाळतो. नंतर कळलं की तो विसरला. जी शर्यत त्यानं चालवली ती गेली आणि जिच्यात तो नुसता बसला होता ती राहिली. राग मला याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बऱ्याच वर्षांनी मिरजगावच्या बाजारात गेलो होतो. त्याचे केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं. भाजीवाल्या ओळीत एका म्हातारीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि उठलीच.

"तुमी त्या तळ्यातल्या न्हवं? खळं केल्तं त्या वक्ताला?"

ठकूबाई. दात गेले होते, उंची तेवढीच.

"आन हे तुमचं मानूस. व्हय, हेच! वळनावर उटून बसायचं. काय गाडी फिरवली हुती बाबा! आमी घरी जाऊन पोरास्नी पाटावर बसून दावलं हुतं."

मला वाटलं, आता तरी. मी दावीदकडे पाहिलं. तो हसला आणि हात झटकला.

"ती होय? ती डबडी होती. ती सोडा. दुसऱ्या बारीला मोठी गाडी पळवली ती पाहिली का? हार घातला होता मला."

ठकूबाईनं डोळे बारीक केले. आठवत होती.

"लाल गादीची? बघितली की. आमाला समूरच बसिवलं हुतं." मग खरंच नवल वाटल्यासारखी म्हणाली, "तिच्यात तुमी हुता व्हय? मला वाटलं, रिकामीच पळाली."

तिनं आम्हाला मेथीची जुडी तशीच दिली.  दुसऱ्या दिवशी त्यानं मालकांच्या मोटारीतून ड्रायव्हरची बैठक सोडवली आणि माझ्यासमोर आणून टाकली.

"फोम काढ ह्यातला," तो म्हणाला. "सगळा. तेव्हा केली होतीस तशी कर."

मी बैठक पुढ्यात ओढली. उसवली, रिकामी केली, गोणपाटाची दुहेरी घडी घातली, वर चामडं ओढून शिवलं. बोट वाकडं होतं तरी टाके चांगले आले. त्यानं बैठक बसवली आणि बेलापूरपर्यंत जाऊन आला. मी दारात उभी होते.

"बोलते का?" मी विचारलं.

तो कंबरेला हात लावून उतरला.  आठवडाभर तसाच चालवत राहिला. रोज रात्री मी पाठीला तेल चोळत होते. मग एका सकाळी बैठक पुन्हा माझ्या कोपऱ्यात येऊन पडली होती. बरोबर पिवळा फोमही होता, नवा, दुकानातून आणलेला.

मी भरून दिली.